डार्क मोडसाठी प्रतिमा-अनुकूलन

डार्क मोडसाठी प्रतिमा-अनुकूलन : संकेतस्थळावरील छायाचित्रे, लोगो, आकृत्या आणि दस्तऐवजांच्या प्रती डार्क मोडच्या, म्हणजे गडद पडद्यावर उजळ अक्षरे दाखवणाऱ्या मांडणीच्या, गडद पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसाव्यात व डोळ्यांना खुपू नयेत, म्हणून त्यांची पार्श्वभूमी, उजळपणा किंवा रंग बदलण्याची प्रक्रिया. पूर्वी हे काम हाताने किंवा सरसकट नियमाने होई. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एआय, वापरतात. कोल्हापुरी चपला, साज आणि हुपरीची चांदी ऑनलाइन विकणाऱ्यांना या प्रक्रियेची गरज विशेष पडते, कारण अशा वस्तूंचे फोटो बहुधा पांढऱ्या कागदावर किंवा कापडावर ठेवून काढलेले असतात.

उगम : डार्क मोडचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार काळ्या काचेवर हिरवी अक्षरे उमटवणारे जुने मॉनिटर हेच त्याचे मूळ. आयबीएम ५१५१ (१९८१) हे त्याचे परिचित उदाहरण. पण तो काळेपणा कोणी निवडलेला नव्हता. इलेक्ट्रॉनांचा झोत पडे तेवढाच फॉस्फरचा थर उजळे, बाकीची काच काळीच राही. त्याआधीच झेरॉक्स आल्टो या संगणकाने (१९७३) पांढऱ्यावर काळे, कागदासारखे दिसणारे रूप आणले होते. दुसरे मत वापरणाऱ्याच्या निवडीला महत्त्व देते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीटी १०० टर्मिनलवर (१९७८) गडद किंवा उजळ पडदा सेटिंगमधून निवडता येई. प्रस्तुत विषयापुरते हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पडदा एकाच रंगाचा असेल तर चित्र एकदाच करून भागते. पडद्याचा रंग वाचक ठरवू लागला, की तेच चित्र दोन्हींवर टिकावे लागते.

आजचा प्रसार मॅकओएस मोहावे (२०१८), आयओएस १३ आणि अँड्रॉइड १० (दोन्ही २०१९) या संगणक व फोनच्या कार्यप्रणालींपासूनचा. २०१९ मध्येच सफारी, फायरफॉक्स व क्रोम हे ब्राउझर ‘प्रिफर्स-कलर-स्कीम’ ही सूचना ओळखू लागले आणि वाचकाची निवड संकेतस्थळाला कळू लागली. तत्पूर्वी आयओएस ११ मधील (२०१७) ‘स्मार्ट इन्व्हर्ट’ने पडदा उलटा करताना फोटो शक्यतो तसेच ठेवले. प्रतिमांना वेगळी वागणूक देण्याचे ते एक पूर्वरूप मानता येईल.

रंग उलटवणे : पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ अशा तीन मूल्यांनी सांगतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे प्रत्येक रंगमूल्य २५५ मधून वजा करणे. काळ्या रेघांच्या आकृतीला तो चालतो. सोन्याच्या साजाचे मात्र त्याने नुकसान होते. लाल २५५, हिरवा २१५, निळा ० असा सोनेरी पिवळा उलटवला, की ०, ४०, २५५ असा भडक निळा मिळतो. त्यावर रंगचक्र १८० अंशांनी फिरवण्याची प्रचलित युक्ती केली, तर निळेपणा जातो, पण हाती सुमारे ९४, ५४, ० असा काळपट तपकिरी रंग येतो. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, असा साज कोणी सोन्याचा म्हणून हातात घेणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न, हे चित्र कोणत्या जातीचे, हा असतो आणि एआयचे खरे काम येथे आहे. क्रोमियम या मुक्तस्रोत ब्राउझरमध्ये सक्तीच्या डार्क मोडसाठी ठेवलेला वर्गीकारक रंगांची विविधता, पारदर्शक भागाचे प्रमाण, पार्श्वभूमीचे प्रमाण अशी मोजकी लक्षणे पाहतो आणि चित्र उलटवायचे की नाही ते ठरवतो. एवढ्या लहान यंत्रणेनेही बरेच काम भागते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उजळपणा सरसकट ८० टक्क्यांवर आणणारा नियम अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या छायाचित्राला लावला, तर गाभाऱ्याचा मुळातला अंधार आणखी दाटतो आणि मूर्तीवर आलेली मावळतीची किरणेच मंदावतात. असे चित्र ओळखून त्याला हात न लावणे हाही अनुकूलनाचाच भाग होय.

पार्श्वभूमी काढणे : वस्तूंच्या फोटोत वस्तू तशीच ठेवून तिच्यामागचा पांढरा भाग काढतात. जैववैद्यकीय प्रतिमांसाठी फ्रायबर्ग येथे तयार झालेले यू-नेट (२०१५) आणि मेटाचे ‘सेगमेंट एनीथिंग’ (२०२३) ही अशा विभाजनाची दोन महत्त्वाची प्रारूपे. अडचण कडांवर येते. चपलेच्या गोंड्याचा एक धागा पिक्सेलचा अर्धाच भाग व्यापत असेल, तर त्या पिक्सेलमध्ये चामड्याचा आणि कागदाचा रंग निम्मा-निम्मा मिसळलेला असतो. चामड्याचे लाल मूल्य ६० आणि कागदाचे २५५ धरले, तर मिश्रण सुमारे १५७ येते. १८ मूल्याच्या गडद पार्श्वभूमीवर तेथे ३९ हवे. नुसती कात्री चालवली तर १५७ तसेच राहते आणि गोंड्याभोवती पांढुरकी किनार दिसते. यावर उपाय म्हणून प्रत्येक पिक्सेलमध्ये वस्तूचा वाटा किती, याचा अंदाज घेणारी ‘मॅटिंग’ पद्धत वापरतात. या अंदाजासाठी खोल न्यूरल जाळ्यांचा वापर २०१७ च्या सुमारास रुळू लागला. वेणीच्या पेडांमधील फटी आणि साजाच्या मण्यांमधील पोकळ्या या पद्धतीलाही अवघड जातात.

किनार गेली तरी काम संपत नाही. ६०, ३५, २० अशा गडद तपकिरी चपलेचा १८, १८, १८ या पार्श्वभूमीशी विरोध-गुणोत्तर, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातील फरकाचे माप, जेमतेम १.३ : १ येते. संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या निकषांत (२०१८) अर्थवाही चिन्हांसाठी किमान ३ : १ सांगितले आहे. छायाचित्रांना तो आकडा काटेकोरपणे लागू नसला, तरी मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो. उलट मूळ पांढरा कागद तसाच ठेवला, तर तो १८.७ : १ इतका झगझगतो. मधला मार्ग म्हणजे वस्तूमागे मध्यम करडी चौकट देणे. चांदीच्या पैंजणालाही ती मानवते. तिच्यावर घडणावळीच्या सावल्या टिकून राहतात.

सत्यतेचा प्रश्न : नवी प्रारूपे पार्श्वभूमी बदलताना वस्तूही थोडीफार नव्याने रंगवतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. पेडांची गुंफण बदललेला फोटो त्या चपलेचा राहत नाही. साजात परंपरेने २१ पाने मानतात. यंत्राने त्यातले एखादे वाढवले किंवा दोन जोडून एक केले, तर गिऱ्हाईक न घडलेला दागिना पाहत असते. ज्या चित्रावरून खरेदी व्हायची, त्यात निवड आणि कडांची आखणी यंत्राने करावी, वस्तूचे पिक्सेल मूळचेच ठेवावेत, हे मत स्वीकारणे योग्य.

दस्तऐवज : करवीर संस्थानच्या मोडी कागदांसारख्या जुन्या दस्तऐवजांच्या प्रतींना वेगळा न्याय लावावा लागतो. पिवळसर कागद उलटवला, की तो निळसर काळा होतो आणि अक्षरे उजळ होतात. रात्री वाचायला हे बरे पडते. पण शाईची छटा, पाण्याचा डाग, शिक्क्याचा रंग या खुणा त्यात ओळखू येत नाहीत आणि कागदाचा काळ व खरेपणा ठरवताना त्याच लागतात. त्यामुळे उलटी प्रत वाचनापुरती द्यावी आणि मूळ प्रत एका टिचकीवर तिच्याशेजारीच ठेवावी.