मैलापाण्यातले हॉर्मोन: १९२९ ते भांडेवाडी

इस्ट्रोन हे स्त्री-हॉर्मोन शास्त्रज्ञांच्या हाती लागलं तेच मुळात गरोदर बायकांच्या लघवीतून. १९२९ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि अमेरिकेत डॉइझी यांनी ते स्वतंत्रपणे वेगळं काढलं. पण मैलापाणी शुद्ध करायची अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज पद्धत, म्हणजे टाकीत हवा सोडून जिवाणूंच्या गाळाकडून घाण खाऊन घ्यायची पद्धत, १९१४ मध्येच मँचेस्टरला बसली होती. ती बीओडी, म्हणजे जिवाणूंना घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, उतरवायला. हॉर्मोन तिच्या हिशेबात नव्हते.

शरीर हॉर्मोनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून निष्प्रभ करतं आणि मग बाहेर टाकतं. गडरलाइनमधल्या ई. कोलायचं एन्झाइम ही जोडणी तोडतं, म्हणून शुद्धीकरण प्रकल्पाच्या दारात हॉर्मोन पुन्हा जिवंत होऊन येतं.

इंग्लंडमध्ये नदीतल्या नर रोच (गोड्या पाण्यातल्या) माशांत अंडपेशी दिसल्या तेव्हा आधी संशय डिटर्जंटवर गेला. १९९८ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी तपासल्यावर मुख्यतः माणसाचेच इस्ट्रोन आणि इस्ट्राडायोल हे दुसरं स्त्री-हॉर्मोन निघाले, तेही लिटरला नॅनोग्रॅमच्या हिशेबात. नर माशात असा बदल घडवायला तेवढे पुरतात.

काढायचे कसे? इस्ट्राडायोल काही तासांत ऑक्सिडाइझ होतं, पण त्याचं बनतं इस्ट्रोन, आणि ते हळू संपतं. ते संपवणारे जिवाणू सावकाश वाढतात, म्हणून स्लजचं वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, महत्त्वाचं. टाकी १०,००० घनमीटर, एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ) ३,५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे आत ३५,००० किलो गाळ. रोज ३,५०० किलो काढला तर वय १० दिवस. घाईने ७,००० काढला तर ५, आणि हळू वाढणारे जिवाणू गाळाबरोबर धुऊन जातात. हॉर्मोन काढायला निदान १० दिवसांचं वय हवं, हा आकडा थंड युरोपातला आहे. नागपूरच्या उष्णतेत जिवाणू वेगाने वाढतात, एवढ्याने भागत नाही: १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांत जेमतेम साडेसात. उन्हाळ्यात टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की टाकी लवकर कोरडी पडते, ऑक्सिजनची हो, पाण्याची नव्हे. मग इस्ट्रोन उलटं फिरून इस्ट्राडायोल होऊ शकतं. शिवाय काही भाग नष्ट न होता गाळाला चिकटून राहतो. बीओडीच्या अहवालात तो दिसत नाही.

नागपूरच्या भांडेवाडी प्रकल्पात शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जातं, तिथे मासे नाहीत. जे मैलापाणी नाग नदीत सुटतं, ते कन्हान आणि वैनगंगेतून गोसीखुर्द धरणाला पोचतं, आणि तिथे मासेमारी होते.