वावधान अर्ध्या तासाचं, टप्पा एक दिवस पुढे

मे महिन्यात वादळ होऊन गेलं की छत्रपती संभाजीनगरात पहिली विचारणा पडलेल्या झाडाची होत नाही. "जायकवाडीची लाइट गेली होती का?" हे आधी विचारलं जातं, कारण शहराचं पाणी जायकवाडी धरणावरच्या पंपांनी येतं आणि नळाला ते कधी येणार हे तिथल्या विजेवर ठरतं. गेली असेल तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींची बातमी ठरलेली: पाणीपुरवठ्याचा टप्पा, म्हणजे प्रत्येक भागाची पाण्याची पाळी, एक दिवसाने पुढे ढकलला. ज्या घरात आधीच कितीतरी दिवसांनी पाणी येतं, तिथे हा आणखी एक दिवस फार जड जातो. ड्रम तळाला गेलेला असतो, धुणं साचलेलं असतं, उन्हाळ्याच्या सुट्टीचे पाहुणे घरात असतात. अर्ध्या तासाच्या वाऱ्याने पाण्याची सगळी घडी का विस्कटते, याचं उत्तर आभाळात थोडं आहे आणि शहराच्या इतिहासात बरंच आहे.

आधी आभाळाचं. एप्रिल-मेमध्ये आपलं पठार चांगलंच तापतं, पारा चाळिशीच्या वर जातो. या दिवसांत उत्तरेकडचे कोरडे वारे आणि समुद्रावरून आलेले दमट वारे ज्या पट्ट्यात भिडतात, तो पट्टा अनेकदा मराठवाड्यावरून जातो. तापलेली दमट हवा झपाट्याने वर चढते आणि दुपारनंतर गडगडणारे ढग उभे राहतात. ढगातून सुटलेल्या सरींचा बराच भाग खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतो. त्याने हवा गार आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून पाऊस चार थेंब आणि वारा मात्र पत्रे उचलणारा, असं आपल्याकडे वारंवार घडतं. जुनी माणसं याला वळीव म्हणतात, वाऱ्याचा जोर असला की वावधान. हल्ली सगळ्यालाच अवकाळी म्हणतात, ते मला पटत नाही. मेमधला वळीव त्याच्या वेळेवरच येतो. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला आलेली ज्वारी, गहू आणि फळबागा झोडपणारी गारपीट झाली, ती खरी अवकाळी.

आता पाण्याचं. मलिक अंबरने 1610च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवलं आणि पुढे त्याच्यासाठी नहर-ए-अंबरी हा कालवा बांधून घेतला. उत्तरेकडच्या डोंगरांतलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापराच्या नळांतून शहरात आणलं होतं. ते केवळ उतारावरून वाहत यायचं. ते उपसायला ना बैल लागे, ना माणूस. पाणचक्कीला गेलात तर तीच युक्ती आजही दिसते: डोंगराकडून आलेलं पाणी उताराच्या दाबानेच उंचावर चढवून हौदात पाडलेलं, आणि त्याच्या जोरावर पूर्वी जातं फिरायचं. वादळ येवो, वीज पडो, त्या पाण्याला थांबायचं कारणच नव्हतं. नंतरचा हर्सूल तलावही शहराच्या वरच्याच अंगाला.

शहर मोठं झालं तसं हे पाणी अपुरं पडलं. चिकलठाणा आणि पुढे वाळूजची औद्योगिक वसाहत आली, सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, 1982 साली महापालिका झाली. तोवर पैठणजवळ जायकवाडी धरण उभं राहिलं होतं, 1976 साली त्याचं उद्घाटन झालं होतं. एवढं पाणी जवळपास दुसरीकडे कुठेच नव्हतं, त्यामुळे नाथसागराकडे, म्हणजे या धरणाच्या जलाशयाकडे, वळणं भागच होतं. पण दिशा उलटी झाली. नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा त्याची पातळी 1522 फूट, म्हणजे सुमारे 464 मीटर असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 568 मीटरवर आहे. म्हणजे आपण पितो तो प्रत्येक थेंब शंभरावर मीटर वर ढकलून आणावा लागतो, तोही चाळीस-पन्नास किलोमीटर लांबून. डोंगरावरून आपोआप उतरणारं पाणी जाऊन मोटारीवर चढणारं पाणी आलं, आणि त्या दिवसापासून शहराची तहान विजेच्या तारेला बांधली गेली.

पंपहाऊसची वीज दहा मिनिटंच गेली तरी नुकसान दहा मिनिटांचं राहत नाही. पंप थांबले की वर चढत असलेला पाण्याचा लोंढा मागे फिरू पाहतो आणि जलवाहिनीवर दाब येतो. वीज आली तरी सगळे पंप एकदम चालू करता येत नाहीत, एकेक करून घ्यावे लागतात. मग फारोळ्याचं शुद्धीकरण केंद्र, मग शहरातल्या टाक्या, आणि टाकी ठरावीक पातळीला आल्याशिवाय गल्लीतला व्हॉल्व्ह उघडत नाही. असे तास साठत जातात आणि टप्पा पुढे सरकतो.

आणि वीज तरी का जाते? उन्हाळाभर खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर तापलेले असतात, त्यांवर धुळीचा थर बसलेला असतो. पहिल्या सरीचं गार पाणी पडलं की काही तडकतात, काहींवरची ओली धूळच वीज वाहू लागते आणि फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, आपोआप बंद पडतो. त्यात फांदी तारेवर पडली तर वायरमनला अख्खी लाइन चालत तपासावी लागते. अंधारात, चिखलात, डोक्यावर विजा चमकत असताना. आपण तोवर फोनवर फोन लावत असतो. तो खांबाखाली टॉर्च धरून उभा असतो, हे लक्षात ठेवायला हवं.

तुटणाऱ्या फांद्यांचीही पार्श्वभूमी आहे. नव्या वसाहतींना लवकर सावली हवी होती, म्हणून रस्तोरस्ती गुलमोहर लावला गेला. मादागास्करचं हे झाड देखणं आणि भराभर वाढणारं, पण मुळं वरवर पसरणारी आणि लाकूड ठिसूळ. नंतर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट आलं, मुळांना जागाच उरली नाही. आमच्या कोपऱ्यावरचा गुलमोहर गेल्या उन्हाळ्यात आडवा झाला तेव्हा त्याच्या मुळांचा गोळा जेमतेम बैलगाडीच्या चाकाएवढा होता. शेजारचा कडुनिंब जागचा हलला नव्हता.

पत्र्यांची गोष्ट लातूर-धाराशिवकडची, आणि ती दुःखाची आहे. मराठवाड्याचं जुनं घर माळवदाचं: जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी सरे आणि वर मातीचा जड थर. उन्हात गार, वाऱ्याला दाद न देणारं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि याच छतांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर डोक्यावर जड काही नको, ही भीती मनात बसली. कितीतरी कुटुंबं पुढे बराच काळ पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिली. भूकंपात जीव वाचवणारा तोच पत्रा वावधानात मात्र सगळ्यात आधी उडतो. म्हणून शहराच्या कडेच्या वस्त्यांत आजही पत्र्यावर दगड, टायर, मोडकी जाती ठेवलेली दिसतात.

परवा वारा सुटला तेव्हा मी गिरणीत होतो. माझा डबा रांगेत तिसरा होता. दिवे गेले, पट्टा फडफडत थांबला आणि पिठाचा धुरळा हवेत तसाच तरंगत राहिला. दळण्यासाठी आलेल्या बाईंना मालक म्हणाला, "मावशी, डबा राहू द्या, लाइट आली की फोन करतो." त्या म्हणाल्या, "फोन तरी लागतो का बघा आधी." टॉवरची बॅटरी उतरली की खरंच लागत नाही, आणि स्कॅन करून पैसेही जात नाहीत. दोघांनीही खिशात सुट्टे शोधले.

आता नव्या योजनेची 2500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी शहराच्या बोलण्यात असते. ती हवीच आहे, जुन्या 700 आणि 1200 मिलिमीटरच्या वाहिन्यांवर इतकं मोठं शहर जगू शकत नाही. पण चढ तोच राहणार. म्हणून पाइप किती मोठा, याइतकंच पंपहाऊसला येणारी वीजवाहिनी किती भक्कम, तिच्याखालची झाडं कधी छाटली आणि इन्सुलेटर मार्चमध्ये पुसले की नाही, हेही आपण विचारायला हवं. परवाची लाइट रात्री दीडला आली. आमचा टप्पा बुधवारी होता, पाणी गुरुवारी आलं.