चंद्र पाणी उचलत नाही: कुलाबा किल्ल्याच्या वाटेवरचं विज्ञान

सुट्ट्यांचा हंगाम सुरू झाला की कोकणातून एक बातमी हमखास येते. किनाऱ्यावर उतरवलेली गाडी भरतीत अडकली, किंवा ओहोटीला खडकावर गेलेलं कुटुंब पाण्याने वेढलं गेलं आणि स्थानिक मच्छीमारांनी होडी घालून त्यांना बाहेर काढलं. बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘पाण्याची पातळी अचानक वाढली.’ माझा आक्षेप या ‘अचानक’वर आहे. पाऊस अचानक येतो, दरड अचानक कोसळते. भरती मात्र कित्येक वर्षं आधी मिनिटांच्या हिशेबात सांगता येते. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी देशातल्या बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो आणि आता ती मोबाइलवरही सहज मिळतात.

आणि मला मनापासून वाटतं की सहकुटुंब करण्यासारख्या नव्या गोष्टींत भरती ओळखायला शिकण्याइतकी मजेची, फुकटची आणि सहा ते ऐंशी वयाच्या सगळ्यांना जमणारी दुसरी गोष्ट नाही. त्यासाठी अलिबागचा कुलाबा किल्ला ही उत्तम जागा. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं भरतीला बेट असतं. ओहोटीला मात्र ओल्या वाळूवरून आणि खडकांवरून चालत जाता येतं, घोडागाड्याही जातात. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. मुलं तटावर रमतात, मोठी माणसं सावलीला टेकतात आणि घड्याळ विसरलं जातं.

घोटाळा होतो तो इथेच, आणि त्याचं कारण गणिती आहे. ओहोटीचा तळ ते भरतीचा माथा हा प्रवास साधारण सव्वासहा तासांचा. पण या वेळात पाणी एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. दर्यावर्दी लोकांचा हा जुना ठोकताळा आहे आणि मोकळ्या किनाऱ्यावर तो चांगला लागू पडतो. अलिबागच्या आसपास उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, ओहोटी आणि भरतीत चार मीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे पहिल्या तासात पाणी जेमतेम ३३ सेंटिमीटर वाढतं. किल्ल्यावरून बघणाऱ्याला वाटतं, अजून भरपूर वेळ आहे. दुसऱ्या तासाअखेर तीच वाढ एक मीटर झालेली असते, तिसऱ्या तासाअखेर दोन मीटर. त्यात किनारा सपाट. शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतार असेल, तर या तिसऱ्या तासात पाण्याची कड तब्बल शंभर मीटर आत येते. वाटेत एखादा खोलगट पट्टा असला तर तो आधी भरतो आणि तुमच्या पायाखाली कोरडी वाळू असतानाच परतीची वाट तुटलेली असते.

म्हणून नियम सोपा: पाणी अजून उतरत असताना निघायचं आणि ओहोटी तळाला पोचायच्या वेळी परतीला लागायचं. तिथले घोडागाडीवाले ‘पाणी फिरायच्या आत या हां दादा’ म्हणतात, ते ऐकायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराला, पाणी पुरेसं हटतच नाही. त्या दिवशी चालत जायचा बेतच ठेवू नये.

आता वेळ कशी काढायची? आमच्याकडे हे काम आई करते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघते आणि तिची पाऊणपट करते. ‘आज पंचमी, पावणेचारला पूर्ण भरती. म्हणजे साडेनऊला सुकती, पूर्ण ओहोटी. नाश्ता करून लगेच निघा.’ कोकणात घरोघरी चालणारा हा हिशेब आहे: तिथी गुणिले तीन, भागिले चार, की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच.

हे का जमतं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून भरतीही रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जाते. पंधरा तिथींत एकूण बारा तास सरकायचं, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. जुन्या लोकांनी तोंडी हिशेबासाठी ती पंचेचाळीस केली. त्यामुळे पौर्णिमेला हा हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि प्रत्यक्ष भरती बाराच्या आसपास लागते. शिवाय रोजचं सरकणं सारखं नसतं: उधाणाच्या आसपास कमी, भांगाच्या आसपास जास्त. सहल ठरवायला तिथी पुरते. पाण्यात उतरायचं असेल तर कोष्टक बघावंच, कारण भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि मालवणला ती अलिबागच्या आधी येते.

‘लाट’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. शाळेच्या पुस्तकातली आकृती आठवा: मधे पृथ्वी, भोवती पाण्याचं लंबगोल आवरण, एक फुगवटा चंद्राकडे आणि एक विरुद्ध बाजूला. खाली वाक्य: चंद्र पाणी आपल्याकडे खेचतो. हे वाक्य अपुरं आहे आणि त्यापुढची खरी गोष्ट फार सुंदर आहे.

पहिला प्रश्न विरुद्ध बाजूच्या भरतीचा. चंद्र पृथ्वीलाही ओढतो आणि पृथ्वी त्या ओढीनुसार हलत असते. चंद्रासमोरच्या पाण्यावर ही ओढ पृथ्वीच्या केंद्रावरच्या ओढीपेक्षा किंचित जास्त, पलीकडच्या पाण्यावर किंचित कमी. भरती घडवतो तो हा फरक, आणि तो दोन्ही बाजूंना आहे. म्हणून दिवसाला दोन भरत्या, दर १२ तास २५ मिनिटांनी. फरकाचं हे बल अंतराच्या घनाने घटतं, वर्गाने नाही. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आणि अंतर सुमारे ३९० पट. अंतराच्या वर्गाने भागलं तर पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या जवळपास १८० पट निघते. घनाने भागलं तर सूर्याचं भरतीचं बल चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ०.४६ पट. अमावस्या-पौर्णिमेला दोघांची बेरीज होते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात, म्हणून भांग.

दुसरा प्रश्न: हे बल पाणी वर उचलतं का? पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तुलनेत ते साधारण एक कोटीव्या भागाएवढं आहे. पाण्याला सरळ वर उचलायची त्याची ताकदच नाही. पण जिथे चंद्र तिरका दिसतो तिथे या बलाचा एक घटक समुद्राच्या पृष्ठाला समांतर असतो आणि त्या दिशेला पृथ्वीचं गुरुत्व आडवं येत नाही. तिथे पाणी सरकतं. हजारो किलोमीटर रुंदीच्या महासागरातलं पाणी सगळीकडून थोडं थोडं सरकलं की एका बाजूला साचतं. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या गणिताने हा फुगवटा फार तर अर्ध्या मीटरच्या घरातला निघतो.

मग अलिबागला चार मीटर कुठून आले? भावनगरला तर दहा मीटर! याचं उत्तर फ्रान्सच्या लाप्लासने १७७५ पासून मांडायला सुरुवात केली. विषुववृत्तावर चंद्राखालचा बिंदू ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे पळतो. फुगवट्याला त्याच्याखाली राहायचं तर त्याच वेगाने पळायला हवं. पण इतक्या लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: खोली गुणिले गुरुत्वत्वरण, त्याचं वर्गमूळ. चार किलोमीटर खोल महासागरात तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर येतो. चंद्राबरोबर धावायला समुद्र वीस किलोमीटर खोल लागेल, आणि असा समुद्र पृथ्वीवर नाही. शिवाय मधे आफ्रिका, भारत अशी जमीन. म्हणजे पुस्तकातला फुगवटा चंद्राखाली कधी पोचतच नाही.

प्रत्यक्षात काय होतं? पाण्याने भरलेली परात उचलून चालून बघा. परातीतल्या पाण्याची डुचमळण्याची स्वतःची एक लय असते आणि पावलांची लय तिच्याशी जुळली की पाणी काठावरून सांडतं. महासागराच्या प्रत्येक खोऱ्याला अशी लय आहे. चंद्र-सूर्य फक्त ठरावीक ठेक्याने हलके धक्के देत राहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे डुचमळणं सरळ पुढे-मागे न होता गोल फिरतं. खोऱ्यात काही बिंदू असे असतात की तिथे पातळी जवळजवळ हलतच नाही आणि भरतीची लाट त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालते. उत्तर गोलार्धात अशी लाट किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे जाते. नकाशा समोर धरा: अरबी समुद्रात उत्तरेकडे तोंड करून निघालं तर कोकण उजव्या हाताला येतं.

ही लाट आता उथळ पाण्यात शिरते. मुंबईसमोर समुद्राचा तळ सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत उथळ आहे. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, तरी तिथे पाणी फक्त ७५ मीटरच्या आसपास. या खोलीवर लाटेचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्याही खाली येतो. पुढचं पाणी मंदावतं, मागचं येतच राहतं, लाट आखडते आणि उंच होते. दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद आहे, म्हणून गोव्याला फरक दोन मीटरच्या घरात आणि कोचीला एक मीटरहून कमी. खंबातच्या निमुळत्या आखातात लाट दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि भावनगर गाठेपर्यंत दहा मीटर होते.

चंद्र-सूर्याच्या धक्क्यांच्या या सगळ्या ठेक्यांची बेरीज हाताने करणं जिकिरीचं होतं. १८७९ मध्ये लंडनला खास भारतीय बंदरांच्या भरतीचं गणित करायला पितळी चाकांचं एक यंत्र बांधलं गेलं. प्रत्येक चाक एका ठेक्याचं, सगळ्यांवरून गेलेली एक तार आणि तिच्या टोकाला वक्र काढणारी लेखणी. आजही पद्धत तीच, फक्त चाकांच्या जागी संगणक आला.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ‘माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, मग पौर्णिमेला मनावर परिणाम होणारच’ हे वाक्य शिकलेली माणसंही बोलतात. भरतीचं बल म्हणजे ओढीतला फरक, आणि फरक पडायला हजारो किलोमीटरचा पसारा लागतो. कोल्हापूरच्या रंकाळ्यात डोळ्यांना दिसेल अशी भरती येत नाही, मग दीड-दोन मीटरच्या देहात कुठून येणार? चंद्र डोक्यावर असताना साठ किलोच्या माणसाचं वजन जेमतेम सहा-सात मिलिग्रॅमने घटतं. ‘सुपरमून’च्या नावाने प्रलयाच्या बातम्या देणाऱ्यांनीही आकडे बघावेत: चंद्र सर्वांत जवळ असताना त्याचं भरतीचं बल सरासरीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त असतं, इतकंच. तेही कोष्टकात आधीच धरलेलं असतं.

वेळ हाताशी आली की कोकणातल्या कितीतरी गोष्टी खुल्या होतात. खाडीत पहिल्यांदाच कयाक चालवणार असाल तर चढत्या पाण्याबरोबर आत जा आणि उतरत्या पाण्याबरोबर परत या, वल्हं मारायचे कष्ट निम्मे होतात. वाशिष्ठीत भरतीचं पाणी थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. प्रवाह सगळ्यांत जोरदार असतो तो तिसऱ्या-चौथ्या तासात, तेव्हा मुलांना खाडीच्या तोंडाशी नेऊ नका. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं, पोहता येणाऱ्याच्यासुद्धा.

ओहोटीला उघडा पडणारा कातळही नीट बघण्यासारखा असतो. त्यावर आडवे पट्टे दिसतात. वरच्या पट्ट्यात, जिथे पाणी थोडाच वेळ पोचतं, तिथे बारीक शंख फटीत चिकटून बसलेले. त्याखाली खडकाला घट्ट धरलेली कालवं, गावातल्या बाया टोकदार लोखंडी हत्याराने फोडून काढतात ती. त्याखाली हिरवं-तपकिरी शेवाळ आणि साचलेल्या डबक्यात शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे. दिवसातून किती तास कोरडं राहणं सोसतं, यावर ज्याचा त्याचा मजला ठरतो. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, खालचे जीव उन्हात मरतात.

आणि मुलांना एक काम द्या. खाडीच्या धक्क्याच्या पायरीवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, खडूने सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी उभी बांधा. दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठे आहे ते वहीत लिहा. लाटा हलत असतील तर वरची आणि खालची पातळी घेऊन सरासरी काढा. संध्याकाळी आलेखावर बिंदू मांडले की सुरुवातीला सपाट, मधे उभी आणि शेवटी पुन्हा सपाट अशी रेषा मिळते. कोष्टकातल्या चढाशी आपला चढ ताडून बघा. थोड्या सेंटिमीटरांचा फरक आला तर त्या दिवशीचा वारा आणि हवेचा दाब तपासा: दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने चढते.