जुनी लक्झरी सेडान घेताय? टोकन देण्याआधी इंजिनाबद्दल थोडं

‘दोन लिटर घेऊ की तीन?’ तपासणीला गाडी आणणारे बहुतेक ग्राहक हाच प्रश्न घेऊन येतात. एका शब्दात उत्तर देता आलं असतं तर हे पत्रक छापायची वेळ आली नसती. आम्ही गाड्या विकत नाही. घेण्याआधी तपासून देतो आणि घेतल्यावर दुरुस्त करतो. खरं तर तुम्ही चुकीची गाडी घेतलीत तर आमचं काम वाढतंच, पण असे ग्राहक दुसऱ्यांदा येत नाहीत.

डिकीवरचा आकडा

एकेकाळी हा आकडा इंजिनाचाच असायचा. मर्सिडीजची जुनी ३०० ई घ्या, इंजिन २९६२ सीसीचं, म्हणजे तीन लिटर. आता तसं राहिलेलं नाही. २००९ साली आलेल्या ई-क्लासमध्ये ई २०० सीडीआय, ई २२० सीडीआय आणि ई २५० सीडीआय या तिन्ही डिझेल गाड्यांचं इंजिन २१४३ सीसीचंच आहे. ताकद मात्र १३६, १७० आणि २०४ अश्वशक्ती. बीएमडब्ल्यूच्या एफ३० पिढीतल्या ३२०आय आणि ३२८आय दोन्ही १९९७ सीसीच्या, पण एक १८४ अश्वशक्तीची आणि दुसरी २४५ची. ऑडीने तर २०१७ पासून ३५, ४०, ४५ असे आकडे लावायला सुरुवात केली. ते ताकदीच्या पट्ट्यांवरून ठरतात, सीसीशी त्यांचा काही संबंध नाही.

शिवाय डिकीवरचा बिल्ला नुसता चिकटवलेला असतो, कोणीही काढून दुसरा लावू शकतो. नोंदणीच्या कागदावरचे सीसी बघा आणि चासी नंबरवरून इंजिनाचा कोड काढून घ्या. पुढची सगळी चौकशी त्या कोडवर करायची.

पिकअप लिटरवर ठरत नाही

२००० साली आलेल्या बीएमडब्ल्यू ५३०आयमध्ये तीन लिटरचं पेट्रोल इंजिन होतं, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ३०० न्यूटन-मीटर. दहा वर्षांनी आलेल्या ५२०डीचं डिझेल इंजिन दोनच लिटरचं, पण टॉर्क ३८० न्यूटन-मीटर, तोही कमी आरपीएमवर. ही सगळी टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची करामत. सिग्नल सुटल्यावर किंवा चढावर गाडी ओढते ती टॉर्कवर. त्यामुळे ‘लहान इंजिन म्हणजे गाडी दमणार’ हा समज टर्बोच्या गाड्यांना लावू नका. जुन्या, बिनटर्बोच्या दोन लिटर पेट्रोलला मात्र तो लागू पडतो. दीड टनाच्या पुढची सेडान, चार माणसं, एसी चालू आणि समोर घाट असेल तर तिचा जीव खरंच मेटाकुटीला येतो.

मग सहा सिलिंडर कशासाठी घ्यायचे? गुळगुळीतपणासाठी. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या हालचालीतून एक थरथर उरतेच. ती मारायला बॅलन्स शाफ्ट बसवावे लागतात. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत हे झटके एकमेकांना आपोआप काटतात. सिग्नलला उभ्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवा, फरक हातालाच कळेल. लक्झरी गाडी याच शांतपणासाठी घ्यायची असेल तर सहा सिलिंडरचा हट्ट आम्हाला चुकीचा वाटत नाही.

खर्च कुठे दडलेला असतो

गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दुसऱ्या मालकाला फटका बसतो तो इथे. त्यात इंजिन जितकं मोठं तितकी किंमत वेगाने पडते, म्हणून चार सिलिंडरच्या गाडीच्या पैशांत कधीकधी व्ही८ (इंग्रजी ‘व्ही’सारख्या दोन रांगांत आठ सिलिंडर) समोर येते. ग्राहकाचे डोळे चमकतात आणि आम्हाला धडकी भरते.

साधं उदाहरण स्पार्क प्लगचं. मर्सिडीजच्या एम११२ आणि एम११३ या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत. म्हणजे व्ही६ला बारा आणि व्ही८ला सोळा. ऑइलही जास्त लागतं. मोठ्या इंजिनाच्या गाडीला बरेचदा ब्रेकच्या डिस्क मोठ्या असतात, टायर रुंद असतात, आणि हे सगळं झिजणारंच सामान.

पण सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त खाते. बॉनेटखाली मोठं इंजिन ठासून बसवलेलं असलं की हात घालायला जागा उरत नाही. मर्सिडीजच्या ओएम६४२ या तीन लिटर व्ही६ डिझेलचा ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसतो. त्याची सील म्हणजे रबराचे छोटे तुकडे. ती गळायला लागली की टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्या) उतरवल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. वस्तू मुठीत मावणारी आणि बिल मात्र दिवसभराच्या कामाचं. २००८ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एन६३ व्ही८मध्ये तर दोन्ही टर्बोच त्या खोबणीत बसवलेले आहेत. त्या उष्णतेत आजूबाजूचे होज, सील आणि वायरिंग लवकर कडक होतात.

यावरून ‘लहान इंजिन म्हणजे स्वस्त’ असंही धरून चालू नका. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या दोन लिटर डिझेलची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत ती झिजण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. ती बदलायची तर आधी गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. उलट १९८९ साली आलेल्या लेक्सस एलएस ४००चं चार लिटर व्ही८ टिकाऊपणासाठी नावाजलेलं आहे. त्याचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला की ते फारशी कुरकुर करत नाही. म्हणून नुसतं ‘व्ही८ नको’ असं आम्ही म्हणत नाही. कोणतं व्ही८ आणि त्याचे सर्व्हिसचे कागद कुठे आहेत, एवढं विचारतो.

तुमचं रनिंग कसं आहे?

रोज चार-पाच किलोमीटर जाऊन यायचं असेल तर डिझेल घेऊ नका, मग ते कितीही लिटरचं असो. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि इंजिन नीट गरम होण्याआधीच तुम्ही पोचलेले असता. जाळण्याची प्रक्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. पातळी वाढलेली पाहून खूश होणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

रनिंग शहरातलं असेल तर चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा हायवेचा लांब पल्ला असेल तर सहा सिलिंडरचं डिझेल छान, तिथे ते मायलेजही देतं. व्ही८ घ्यायचं तर घरात दुसरी गाडी असू द्या, कारण सुट्या भागाची वाट पाहत ही उभी राहील तेव्हा कामावर कशाने जाणार? आणि समोर दोन गाड्या असतील, एक मोठ्या इंजिनाची पण कागद अर्धवट, दुसरी लहान इंजिनाची पण सर्व्हिस हिस्टरी सलग, तर आम्ही न बोलता दुसरीकडे बोट दाखवू. उलटं असेल तर मोठ्या इंजिनाकडे.

बघायला जाल तेव्हा

गाडी थंड हवी. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद कान द्या, चेन सैल असेल तर खडखड तेव्हाच ऐकू येते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोड वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरची तीन माणसं सोबत बसवा. गाडी तुम्ही भरूनच चालवणार आहात ना?

स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) लावल्यावर एकही दोष दिसला नाही तरी लगेच हुरळून जाऊ नका. दोष कालच पुसलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, तेही वाचून घ्यायचं. डिझेल असेल तर काजळी किती साठली आहे आणि ती शेवटची कधी जळली, हेही बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर कळतं.

आमच्याकडे तपासणीला येताना चासी नंबर, नोंदणीचा कागद आणि मिळतील तेवढी सर्व्हिसची बिलं आणा. सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे इंजिन रात्रभर थंड झालेलं असेल. गाडी विक्रेत्याच्या दारातून हलवायच्या आधी आम्हाला फोन करा. थंड इंजिन सुरू होताना ऐकायला आमचा माणूस तिथेच येईल.