काढा आणि पंप: चीनमधल्या जोड-उपचाराची पार्श्वभूमी

चीनमधल्या मोठ्या रुग्णालयातून सीओपीडीचा, म्हणजे वर्षानुवर्षं धाप लावणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत अनेकदा दोन प्रकारची औषधं असतात. एक पंप, आणि दुसरी रुग्णालयानेच यंत्रात उकळून दिलेल्या तपकिरी काढ्याची सीलबंद पाकिटं. आपल्याकडे अशी जोडी पेशंट बहुधा स्वतःच जमवतो, डॉक्टरांना न सांगता. तिथे ती सरकारी धोरणाने जमवली. तिची मुळं मात्र धोरणाच्या कितीतरी आधीची आहेत.

इसवी सन 200च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने ताप आणि धापेवर चार औषधांचा काढा सांगितला: माहुआंग (इफेड्रा नावाचं झुडूप), दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, जर्दाळूच्या बियांतला गर आणि ज्येष्ठमध. कृती अगदी स्वयंपाकघरातली वाटावी अशी. माहुआंग आधी एकटी उकळायची, वर आलेला फेस काढून टाकायचा आणि मगच बाकीचं घालायचं.

या माहुआंगमधून जपानच्या नागाई नागायोशी यांनी 1885 साली इफेड्रिन वेगळं केलं. पण दम्याचं औषध म्हणून ते जगापुढे यायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. रॉकफेलरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात 1923 साली अमेरिकेत शिकून आलेले चेन केहुई रुजू झाले. माहुआंगकडे त्यांचं लक्ष वेधलं ते त्यांच्या एका काकांनी. सहकारी कार्ल श्मिट यांच्यासोबत त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याला माहुआंगचा अर्क टोचला, तर रक्तदाब चढला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्या वेळी दम्यावर टोचल्या जाणाऱ्या ॲड्रेनलिनचा असर काही मिनिटांत ओसरतो आणि ते पोटात घेऊन चालत नाही. इफेड्रिन गोळी म्हणून गिळता येत होतं. 1924 साली त्यांचं संशोधन छापून आलं आणि पाहता पाहता अमेरिकेतले दमेकरी ही चिनी वनस्पती गोळीतून घेऊ लागले. छातीत धडधड आणि उडालेली झोप ही त्याची किंमत होती. 1969 साली पंपातून घ्यायचं सल्ब्युटामॉल आल्यावर इफेड्रिन मागे पडलं.

म्हणून ‘वनस्पती की औषध’ हा वाद मला इथे फारसा पटत नाही. माहुआंगचा काढा आणि पंप एकत्र घेणारा माणूस हृदयाला दोन्हीकडून एकाच दिशेने ढकलत असतो. (आपल्या अडुळशाचंही असंच आहे. त्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि खोकल्याच्या बाटलीत परत आलं.)

दोन्ही पद्धती मुद्दाम एकत्र करण्याचा ठळक प्रयोग झांग शीचुन यांचा. 1918 पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्यांच्या ग्रंथात जिप्सम या खनिजाच्या काढ्याबरोबर ॲस्पिरिन घ्यायला सांगणारी कृती आहे. एका जुन्या वळणाच्या वैद्याने जर्मन गोळी सरळ आपल्या पोथीत घेतली!

1949 साली कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि चित्र बदललं. कोट्यवधी लोक आणि आधुनिक डॉक्टर मूठभर, तेव्हा वैद्यांना बाजूला सारणं परवडणारं नव्हतं. 1955 साली बीजिंगमध्ये पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय अकादमी निघाली, पुढच्याच वर्षी चार शहरांत महाविद्यालयं सुरू झाली आणि आधुनिक डॉक्टरांना वैद्यकीच्या वर्गात बसवण्यात आलं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला म्हाताऱ्यांच्या जुनाट ब्राँकायटिसवर देशभर मोहीम निघाली. कारणं उघड होती: कोळशाच्या शेगड्या, उत्तरेची थंडी, सिगारेट. पुढे कोविडकाळात जगाला माहीत झालेले डॉक्टर झोंग नानशान श्वसनरोगांकडे वळले ते याच काळात, ग्वांगझूमध्ये. झुडपांची चाचपणी झाली आणि मानशानहोंग या रानटी ऱ्होडोडेंड्रॉनच्या पानांपासून कफावरचं औषध निघालं. ‘हायझू च्वानशीडिंग’ नावाच्या गोळीत तर ज्येष्ठमध, कापूर जातीचं बोर्निओल आणि शिंपल्याची भुकटी यांच्यासोबत श्वासनलिका रुंदावणारं क्लोरप्रेनालिन हे कारखान्यातलं रसायनही आहे. खाणाऱ्याला मात्र ती वनौषधीच वाटते.

मोजमाप खूप उशिरा आलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार चीनमध्ये सीओपीडीचे जवळपास 10 कोटी रुग्ण आहेत, इतका हा प्रश्न मोठा. 2012 साली हनान प्रांतातल्या संशोधकांनी 352 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली: एका गटाला नेहमीची औषधं, दुसऱ्याला त्यांच्या जोडीने चिनी औषधं. जोडगटात आजार उसळण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं. काढ्याची कडू चव आणि उग्र वास हुबेहूब आणणारा खोटा काढा बनवणं भलतंच अवघड, त्यामुळे या क्षेत्रातल्या पुष्कळ चाचण्या इथेच लंगड्या पडतात. फरक काढ्याचा की काढा मिळाल्याच्या समाधानाचा, हे अशा चाचणीतून सांगता येत नाही.

आणि मग ज्येष्ठमध, जो चिनी काढ्यांत जवळपास मिठासारखा असतो. तो जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतला तर हृदयाचे ठोके सांभाळणारं रक्तातलं पोटॅशियम उतरतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ते उतरतं, नेब्युलायझरमधल्या सल्ब्युटामॉलने उतरतं, पाय सुजले म्हणून दिलेल्या लघवीच्या गोळीनेही उतरतं. सीओपीडीच्या जुन्या रुग्णाला ही तिन्ही औषधं एका वेळी चालू असू शकतात. डॉक्टर विचारतात, ‘आणखी काही औषधं घेता का?’ तो नाही म्हणतो. काढा त्याच्या हिशेबात औषधांत धरलेलाच नसतो.