न्यू जर्सी गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी, २०२५

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १० जून २०२५ रोजी झालेली पक्षांतर्गत निवडणूक. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी सहा जण रिंगणात होते आणि सहाही जण शेवटपर्यंत टिकले. खासदार मिकी शेरिल सुमारे ३४ टक्के मते घेऊन विजयी झाल्या.

‘गव्हर्नर’ला मराठीत सवयीने ‘राज्यपाल’ म्हटले जाते, पण इथे तो शब्द फसवा आहे. आपला राज्यपाल नेमलेला असतो. अमेरिकी गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला, कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. त्यातही न्यू जर्सीचे गव्हर्नरपद विशेष ताकदीचे. राज्याचा अॅटर्नी जनरल, न्यायाधीश आणि काउंट्यांचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सरकारी वकील गव्हर्नर नेमतो, आणि अर्थसंकल्पातील एखादीच तरतूद खोडण्याचा अधिकारही त्याला असतो. सलग दोनच मुदती मिळतात. त्यामुळे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांची दुसरी मुदत संपत आली तशी खुर्ची मोकळी होणार हे सगळ्यांना माहीत होते, आणि इच्छुक आधीपासून बाशिंग बांधून बसले होते.

तरीही नुसत्या गर्दीत काही नवे नव्हते. २०१७ मध्येही याच पक्षाच्या याच प्रायमरीत सहा उमेदवार होते, आणि ती जवळजवळ एकतर्फी झाली. मर्फींना सुमारे ४८ टक्के मते पडली. त्यांच्यामागच्या दोघांना प्रत्येकी २२ टक्क्यांच्या आसपास. फरक होता मतपत्रिकेचा.

न्यू जर्सीच्या २१ पैकी १९ काउंट्यांत प्रायमरीची मतपत्रिका ‘काउंटी लाइन’ पद्धतीने छापली जात असे. काउंटीतील पक्षसंघटनेने पुरस्कृत केलेले उमेदवार, सिनेटर किंवा गव्हर्नरपासून थेट गावपातळीपर्यंत, एकाच सरळ ओळीत. बाकीचे उमेदवार कुठेतरी दूरच्या स्तंभात, कधी अनोळखी नावांच्या शेजारी. त्या जागेला राजकारणी मंडळी ‘मतपत्रिकेवरचा सायबेरिया’ म्हणत. मतदार वरचे मोठे नाव पाहून त्या ओळीत खाली शिक्के मारत जाई. साहजिकच उमेदवारांची धडपड मतदारांपेक्षा काउंटीच्या पक्षाध्यक्षांना राजी करण्यासाठी असे, आणि २०१७ मध्ये मर्फींनी ती कामगिरी मतदानाच्या कितीतरी आधीच उरकली होती.

ही ओळ मोडली ती वेगळ्याच लढतीत. २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उमेदवारीसाठी खासदार अँडी किम यांच्यासमोर गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उभ्या होत्या आणि मोठ्या काउंट्यांच्या संघटना टॅमींच्या बाजूला होत्या. किम कोर्टात गेले. निकाल लागण्याआधीच टॅमींनी माघार घेतली. तरी मार्च २०२४ मध्ये न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही मांडणी वापरण्यास मनाई केली. पुढे कायदा झाला, आणि २०२५ मध्ये प्रत्येक पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापले गेले. इतर राज्यांत जी साधी रीत आहे, ती इथे पोचायला एवढा वेळ लागला.

रिंगणातले सहाही जण आपापला मतांचा गठ्ठा बाळगून होते. शेरिल नौदलाच्या माजी हेलिकॉप्टर पायलट आणि माजी सरकारी वकील. रास बराका नेवार्कचे महापौर, कवी अमिरी बराका यांचे चिरंजीव, डाव्या बाजूचा आवाज. स्टीव्हन फुलॉप जर्सी सिटीचे महापौर. पक्षातील ‘बॉस’ मंडळींविरुद्ध त्यांचा प्रचार होता. खासदार जॉश गॉटहायमर कर कमी करण्यावर बोलत. स्टीव्ह स्वीनी मूळचे लोखंडकाम करणारे कामगार, नंतर राज्य सिनेटचे अध्यक्ष आणि या सहांत दक्षिण जर्सीचे एकमेव. शॉन स्पिलर राज्यातील सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेचे प्रमुख. स्पिलर यांची स्वतःची देणगीची थैली हलकी होती, पण संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने त्यांच्यासाठी साडेतीन कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. मते मिळाली दहा टक्क्यांच्या आसपास. पैशाने काय होत नाही, याचे इतके महागडे उदाहरण क्वचित सापडते.

प्रचाराला खरी कलाटणी मिळाली ९ मे रोजी. नेवार्कमधील स्थलांतरितांच्या कोठडीबाहेर, डेलेनी हॉल येथे, केंद्रीय अधिकाऱ्यांनी बराका यांना अटक केली. आरोप पुढे मागे घेण्यात आला. बराका मात्र देशभर गाजले आणि सुमारे २० टक्के मतांसह दुसरे आले.

न्यू जर्सीत दुसरी फेरी नसते. सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, मग ती एक तृतीयांश का असेनात. जॉर्जिया, टेक्ससमध्ये अशा वेळी पहिल्या दोघांत फेरनिवडणूक होते. मेनमध्ये २०१८ साली सात जणांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत पसंतीक्रमाने मते मोजून जॅनेट मिल्स निवडल्या गेल्या. न्यू जर्सीत मतविभागणीचा फायदा शेरिल यांना झाला हे उघड आहे. ओळ गेली तरी संघटना गेली नव्हती, हेही तितकेच खरे. अनेक मोठ्या काउंट्यांच्या पक्षसंघटनांनी शेरिल यांनाच पाठिंबा दिला होता. घरोघर जाणारे कार्यकर्ते आणि माहितीपत्रके त्यांच्याकडे होतीच. नव्हती ती फक्त मतपत्रिकेवरची हक्काची जागा.

एडिसन, जर्सी सिटी आणि शेरिल यांच्याच तेव्हाच्या मतदारसंघातील पार्सिपनी या भागांत मराठी घरे बरीच आहेत. त्यातल्या ग्रीनकार्डवाल्यांना आणि नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना मताचा अधिकार नाही. नागरिक झालेल्यांनाच प्रायमरीत मत देता येते, तेही पक्षाशी नोंदणी असेल किंवा कोणत्याच पक्षाशी नसेल तर. अपक्ष मतदार ऐनवेळी केंद्रावर पक्ष निवडू शकतो.

त्याच दिवशी रिपब्लिकन प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांचा पाठिंबा लाभलेले जॅक चिटरेली सहज जिंकले. ४ नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत शेरिल यांनी त्यांना सुमारे १४ टक्क्यांच्या फरकाने हरवले.