जलोपचार (स्नायुदुर्बलतेसाठी)

स्नायूंचे बळ घटवणाऱ्या आजारांत कोमट पाण्याच्या टाकीत फिजिओथेरपिस्टने करून घ्यायचे व्यायाम. ड्युशेन व बेकर स्नायुक्षय (स्नायू हळूहळू झिजवणारे जनुकीय आजार), स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरून स्नायू वाळणे) आणि गियाँ-बारे या नसांच्या आजारानंतर उरलेला दुबळेपणा यांत ते वापरतात. निसर्गोपचारातले कटिस्नान वेगळे. जलोपचाराने आजार थांबत नाही. सांधे मोकळे ठेवणे आणि हालचाल टिकवणे एवढाच हेतू असतो.

बेंबीपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवर निम्मेच वजन येते. गळ्यापर्यंत गेल्यास जेमतेम एक दशांश. त्यामुळे जमिनीवर आधाराशिवाय उभा न राहणारा मुलगाही इथे पावले टाकू शकतो. ड्युशेनमध्ये आणखी एक लाभ आहे. जिना उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि त्याचे तंतू फाटतात; पाण्यात असा ताण फारच कमी पडतो.

मात्र तेच पाणी छातीही दाबते. गळ्यापर्यंत पाणी असताना श्वास घेण्याचे श्रम सुमारे ६० टक्क्यांनी वाढतात आणि साधारण ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते. म्हणून फुप्फुसांची तपासणी आणि एकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आधी, टाकी नंतर. सुरुवात कंबरभर पाण्यात करतात. ताप, उघडी जखम किंवा जुलाब असल्यास त्या दिवशी पाण्यात उतरवत नाहीत.

पाण्याचे तापमान ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये (नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोहोचण्याचा आजार) उष्णतेने दुबळेपणा वाढतो, तिथे पाणी याहून थंड हवे. पहिले सत्र १० मिनिटांचे, पुढे हळूहळू ३० पर्यंत. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ च्या सुमारास लंडनमध्ये घडवलेल्या, अपंगांना पोहायला शिकवण्याच्या हॅलिविक पद्धतीत श्वासावर ताबा आधी येतो: ओठ पाण्याला लावून फुंकर घालायची, मग अंग वळवायला शिकायचे. त्यानंतर उताणे तरंगत घोट्याचे व खुब्याचे ताण, शेवटी पुढे आणि आडवे चालणे. नेहमीची चूक म्हणजे फ्लोट (तरंगते ठेवणारे पट्टे) फक्त घोट्यांखाली बांधणे. पाय वर येतात, डोके खाली जाते, आणि मान दुबळी असलेल्या मुलाला तोंड वर काढता येत नाही. मानेला कॉलर, कमरेला पट्टा आणि थेरपिस्टचा हात, तिन्ही लागतात.

पाण्यात थकवा उशिरा कळतो. व्यायामाचे प्रमाण त्या वेळच्या उत्साहावर नव्हे, दुसऱ्या दिवसावर ठरवावे. २४ तासांनंतरही अंग दुखले तर पुढचे सत्र निम्मे करावे. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू तुटत आहेत असे समजून व्यायाम बंद करावा आणि तातडीने डॉक्टरांना दाखवावे. बाहेर येताना वजन एकदम परत येते, रक्तदाबही उतरतो. पायरीवर दोन-तीन मिनिटे बसवून मगच उठवावे.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापुरात अशी टाकी चालवणे हे मुख्यतः पाण्याचे गणित आहे. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल टाकीला १४,४०० लिटर लागतात, म्हणून पाणी सारखे बदलण्यापेक्षा चांगला फिल्टर परवडतो. मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.६ राखावा. बोअरचे जड पाणी भरल्यास हीटरवर क्षार साचतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्या टाकीत सकाळचीच सत्रे घ्यावीत. हवा कोरडी असल्याने एप्रिलातही ओल्या अंगावर पंख्याचा झोत आला की मूल कुडकुडते आणि नुकतेच सैल झालेले स्नायू आखडतात. काठावर कोरडा टेरी टॉवेल तयार ठेवावा. तो सोलापुरात तरी शोधावा लागत नाही.